औलीचा कौल

“थंयचो गावदेव कोण?” शाबी गुरवाने मला विचारलं.

मी रवळनाथाच्या गाभाऱ्यासमोर उभी होते. हातात कुडाळच्या सायबर कॅफेतून छापून आणलेले कागद होते. गुलमर्गचा उतार किती, जानेवारीत बर्फ किती साचतो, रोपवेचा पाळणा कुठपर्यंत वर नेतो, नवशिक्यांना वेगळी जागा आहे की नाही, सगळं मी शोधून आणलं होतं. शिक्षक कुठे चांगले, स्की भाड्याने मिळतात का, तेही. आणि हा माणूस मला गुलमर्गचा गावदेव विचारत होता!

“शाबीकाकानू, थंय बर्फ असा. गावदेव-बिवदेव काय नाय.”

“गाव असा तर देव असतलोच,” शाबीकाका शांतपणे म्हणाले. “गाऱ्हाण्यात काय सांगू मी? पोरीक कोणाच्या हद्दीत धाडतंय? आपल्या देवान तिका कोणाच्या हातात देवची?”

मी बाबांकडे पाहिलं. बाबा खांबाला टेकून बसले होते, खांद्यावर टॉवेल, डोळे मिटलेले. ते काही मला सोडवणार नव्हते. हे सगळं त्यांचंच तर होतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. कोल्हापूरला कॉलेजात शिकत होते आणि शनिवार-रविवार तिथल्या गिर्यारोहण क्लबबरोबर डोंगर चढत होते. त्या वर्षी क्लबचं बक्षीस मला मिळालं. बर्फावर स्की करायचा पूर्ण कोर्स, येण्याजाण्यासकट, आणि ठिकाण माझं मी निवडायचं. क्लबच्या निंबाळकर मॅडमनी फोनवर बजावलं होतं, “वैजयंता, सोमवारी संध्याकाळपर्यंत ठिकाण सांग. मंगळवारी सकाळी मी नाव पाठवणार. तुझा फोन आला नाही तर बक्षीस दुसऱ्या नंबरला जाईल, मग माझ्याकडे रडत यायचं नाही.”

म्हणून मी धावत गावी आले. वाटलं, घरी सांगायचं, संमतीच्या कागदावर बाबांची सही घ्यायची, झालं. कसलं काय! आमच्या घरात नवीन विहीर खणायची तरी कौल, मुलगी बघायला जायचं तरी कौल, कलमांच्या नर्सरीत नवी पाइपलाइन टाकायची तरी कौल. बाबा म्हणाले, “जा गो, मी खंय नको म्हणतंय? पण खंय जावचा तां देव सांगतलो.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर गुरव पिटकुळीची, म्हणजे तांबड्या रानफुलाची, एकेक ओली कळी चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बस्स. कळी पडेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. देवाला घाई करायची नाही.

आदल्या रात्री जेवताना मी बाबांना सगळ्या जागा समजावून सांगितल्या होत्या. गुलमर्ग सगळ्यात उंच, बर्फ भुसभुशीत, तिथे जगभरातून लोक येतात. औलीचा उतार लांब आणि सोसवेल असा, शिकायला उत्तम, समोर नंदादेवीचं शिखर. नारकंडा लहान, पण गर्दी नाही. आणि मुंबईहून सुट्टीला आलेल्या आपाकाकांचं एकच पालुपद, मनाली. बाबांचे हे धाकटे भाऊ लग्नानंतर एकदा मनालीला जाऊन आले होते, त्यामुळे हिमालय त्यांना पाठ होता.

“मनालीजवळ सोलंगला जा, सोलंगला,” ते म्हणाले. “भाड्याने कोट मिळतो, गमबूट मिळतात. याकवर बसून फोटो काढायचा, मक्याचं कणीस खायचं आणि परत.”

“काका, मका माका शिरोड्याच्या दर्यावर पण गावता! मी स्की शिकूक जातंय.”

बाबा इतका वेळ मान खाली घालून जेवत होते. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “पाय बुडता काय गो त्यात?”

मी उतारांचे अंश, बर्फाची खोली, लिफ्टची लांबी सांगून सांगून दमले होते, आणि यांचा हा प्रश्न!

“बाबा, स्कीइंगात पाय बुडवचो नसता! वरसून घसराचा असता!”

“तसा न्हय. मी आपला इचारलंय,” ते म्हणाले आणि ताट उचलून मोरीकडे गेले.

आज दर हिवाळ्यात मी पोरांच्या तुकड्या घेऊन बर्फात जाते. आईबाप मला विचारतात, मॅडम, आमच्या पोराला कुठे पाठवू, गुलमर्गला की औलीला? मी त्यांना उतार सांगते, बर्फ सांगते, दवाखाना किती लांब आहे ते सांगते. लोक माना डोलावतात. त्या सोमवारी मात्र माझ्या ज्ञानाला देवळात काळं कुत्रंही विचारत नव्हतं.

“गुलमर्गाक शंकराचा देऊळ असा,” शेवटी मी म्हणाले. कागदावर एका फोटोखाली तसं लिहिलेलं होतं.

“मगे आधी बोलाक काय झाल्ला?” शाबीकाकांनी कळ्या लावल्या, हात जोडले आणि घसा साफ करून सुरू केलं. “बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” बाबा आणि आपाकाका एका सुरात.

“आज ह्या भिवाजी धुऱ्याची लेक, तुझा लेकरू, बर्फावरना घसरूक जावचा म्हणता म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“हात नाय मोडाचो, पाय नाय मोडाचो, तुझ्या हद्दीतसून त्या गुलमर्गाच्या शंकराच्या हद्दीत तिका नीट पोचती कर म्हाराजा! थंय जावचा असात तर उजवी दी, नको असात तर डावी दी!”

“व्हय म्हाराजा!”

टप्. डावी. शाबीकाकांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

गुलमर्ग माझं पहिल्या पसंतीचं होतं. महिनाभर मी झोपेत सुद्धा तिथल्या उतारावरून खाली येत होते. आणि एक बोटभर कळी पडली नि संपलं?

“परत इचारा ना,” मी म्हणाले.

“देवाक दोनदा इचारीत नाय,” बाबा म्हणाले. “दुसरी जागा सांग.”

मग नारकंडा. तिथली हाटू माता मला माहीत होती. डोंगरावरची देवी म्हटल्यावर शाबीकाका जरा खुलले, गाऱ्हाणंही लांबलं. बराच वेळ काही झालं नाही आणि मग डावी घरंगळली. आपाकाकांनी मांडीवर थाप मारली. “आता सोलंग! बघा तुम्ही, उजवी पडते की नाही.” मी मनातल्या मनात रवळनाथाला सांगितलं, देवा, उजवी दिलीस तर मी त्या याकला घेऊन तुझ्या दारात येईन. सोलंगचीही डावी पडली.

“देवाक स्कीइंग कळता,” मी म्हणाले.

“तोंड सांभाळ,” बाबा म्हणाले. आपाकाका हिरमुसून चहा प्यायला नाक्यावर निघून गेले.

उरली औली. खरं सांगायचं तर तोपर्यंत मला औली आवडायला लागली होती. शिकायचंच आहे तर शिकवणारा उतार नको का? आणि तिथे जाताना जोशीमठ लागतं, जोशीमठात नरसिंहाचं देऊळ आहे. हे सांगितल्यावर शाबीकाकांचा चेहरा उजळला.

“नरसिंव! अगो तो तर आपलोच. आधी बोलाचा नाय?”

नव्या कळ्या लावल्या. गाऱ्हाणं झालं. व्हय म्हाराजा झालं. आणि कळ्या ढिम्म.

आम्ही बसलो. उन्हाची तिरीप सभामंडपातून सरकत दाराकडे गेली. समईची वात शाबीकाकांनी एकदा पुढे सारली. मी कळीकडे टक लावून बघत होते. उजवी जरा वाकल्यासारखी वाटायची, आणि बघते तर होती तशीच. मी मनातल्या मनात फुंकर सुद्धा मारली. नाक्यावरचं एसटीडी बूथ दिवेलागणीला बंद व्हायचं. त्याचा मालक बाबी एकदा कुलूप लावून गेला की मंत्री आला तरी उघडत नसे. आणि गावात दुसरा फोन नाक्यावरच्या दुकानात, तो दुकानदार बाहेरगावी लावू देत नसे, फक्त आलेला घेऊ देई.

“शाबीकाकानू, पाणी जास्त लागला काय कळयेक?”

“श्शू.”

“वाऱ्याक तरी दार उघडा.”

“वैजू,” बाबा म्हणाले, “गप रव.”

गप राहिले. किती राहणार? शेवटी बाबांनीच गुडघ्यावर हात टेकून उठायला सुरुवात केली. “आज देवाच्या मनात नाय दिसत. उद्या बघूया.”

“उद्या?” मी ताडकन उभी राहिले. “बाबा, उद्या सकाळी नाव दुसऱ्याचा जाता! मी सांगलंय तुमका. काल सांगलंय, आज सकाळी सांगलंय!”

“देवाच्या पुढे घाई चलत नाय.”

“मगे माका जाव दे म्हणून कित्याक सांगलात? सरळ नको म्हणाचा होता!”

“मी नको म्हणूक नाय. देव...”

“देव, देव, देव! तुमका स्वताक काय वाटता तां कधी सांगतलास?”

बाबा शांतपणे म्हणाले, “माका पण जावचा होता. देवान नको म्हटल्यान, मी रवलंय. काय वायट झाला माझा?”

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. बाबा विशीत असताना त्यांना बोटीवर नोकरी लागली होती. आजोबांनी याच देवळात कौल लावला, डावी पडली, बाबांनी बांधलेली पेटी सोडली आणि आजोबांबरोबर आंब्याची कलमं बांधायला लागले. “देवान राखल्यान माका,” असं ते दर दिवाळीला सांगत. “ती बोट बुडलीय असतली, कोणाक म्हायत?” त्यावर आई चुलीकडूनच म्हणे, “बुडाक नाय. तिच्यार गेल्ल्या गोविंदान सलाबाचा घर बांधल्यान.”

त्या दिवशी मला ती गोष्ट ऐकवेना. डोकं फिरलं होतं माझं.

“तुमका जावचाच नव्हता,” मी म्हणाले. “तुमी घाबरलास. आणि देवाचा नाव फुडे केलास.”

शाबीकाकांच्या हातातली तेलाची बुधली तशीच राहिली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हात उचलतात. त्यांनी तो कधीच उचलला नव्हता.

“भायर बस,” ते म्हणाले.

मी दीपमाळेच्या कट्ट्यावर येऊन बसले. रडले, चांगली हुंदके देऊन रडले. कागद गुंडाळून घट्ट धरले होते, ते घामाने ओले झाले. समोर बाबांची स्कूटर उभी होती. वाटलं, उचलावी आणि जावं बूथवर, सांगावं औली म्हणून. पण सही? परत जाताना बाबांची सही नेली नाही तर मॅडम मला जाऊच देणार नव्हत्या. आतून बोलण्याचा आवाज येत होता, शाबीकाकांचाच जास्त. मग तोही थांबला. देऊळ एकदम चिडीचूप झालं. इतका वेळ की मला वाटलं, दोघं मागच्या दाराने निघून तर नाही गेले?

बाबा बाहेर आले. टॉवेलने तोंड पुसत होते, आणि पुसून झाल्यावरही पुसतच राहिले. माझं मन मी आधीच घट्ट करून ठेवलं. डावी. डावीच असणार.

“उजवी दिल्यान,” बाबा म्हणाले.

“काय?”

“उजवी. औलीक जा. चल लवकर, बाबी बूथ बंद करीत.”

मी उडी मारली. कट्ट्यावरून खाली आणि सरळ देवळाच्या पायरीवर. बाबांनी माझा दंड धरला.

“खंय?”

“देवाच्या पायार डोक्या ठेवतंय.”

“ऱ्हवांदे. उशीर झालो.”

मी जागच्या जागी थांबले. देवळासमोरून बस गेली तरी हात जोडणारा हा माणूस. मी परीक्षेला निघाले तर देवाला नारळ ठेवल्याशिवाय एसटीत चढू न देणारा. आणि आज म्हणतो, ऱ्हवांदे?

“एक मिनिट,” म्हणत मी हात सोडवून आत गेले.

शाबीकाका पाठमोरे उभे होते, समईत तेल घालत होते. समईत आधीच काठोकाठ तेल होतं. मी वाकले, डोकं टेकलं, वर बघितलं.

दोन्ही कळ्या जागच्या जागी होत्या. उजव्या खांद्यावर एक, डाव्या खांद्यावर एक. ओल्या, तांबड्या, घट्ट.

“शाबीकाकानू,” मी हळूच म्हणाले, “उजवी पडाक नाय.”

त्यांनी मागे बघितलं नाही. “नाय.”

“मगे बाबा...”

“तू भायर गेलंस. तुझो बापूस माका म्हणता, पडत नाय तर डावीच समज, तसा सांगूया तिका. म्हणजे इषय सपलो.” त्यांनी बुधली खाली ठेवली. “माझा टाळक्या फिरला. मी म्हटलंय, भिवा, तुझो बापूसय ह्याच जाग्यार उभो ऱ्हवान असाच म्हणालो होतो.”

मला कळायला क्षण लागला. “आजोबा?”

“त्या दिवशी पण कळी पडाक नाय. सांज झाली तरी पडाक नाय. तुझ्या आज्यान सांगितल्यान, पोरगो एकटो असा माझ्या हाताखाली, आपा अजून ल्हान, ह्यो गेलो तर कलमां कोण बांधतलो? डावी पडली म्हणून सांग. मी तेव्हा नवीन गुरव. सांगलंय.” आता ते माझ्याकडे वळले. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. “तीस वर्सां हो दाणो माझ्या पोटात होतो गो. आज भायर पडलो.”

“बाबा काय म्हणाले?”

“काय म्हणतलो? बसलो थंयच. मगे उठलो आणि म्हणालो, शाबी, उजवी पडली म्हणून मी सांगतंय. तू मधी बोला नको.” त्यांनी समईची वात सारखी केली. “घाबराक नव्हतो गो तो. ती बोट थंड मुलखातली. थंय बंदरात बर्फ असता म्हणून ह्यो गावभर सांगत फिरा. रस्त्यार जो भेटात तेका सांगा, थंय बर्फात पाय बुडता रे, गुडघ्यापर्यंत बुडता. आमी हसू. पेटी सोडल्यान त्या दिवसापासून परत तोंडातून काढूक नाय.”

बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला. मी देवाला परत हात जोडले. काय मागायचं तेच सुचेना. तशीच बाहेर आले.

बाबा स्कूटर सुरू करून बसले होते. मी मागे बसले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. कॉलरच्या वर उन्हाने काळी पडलेली मान होती. माझे शब्द, “घाबरलास”, माझ्याच कानात वाजत होते. मला ते परत घ्यायचे होते, पण घेतले असते तर बाबांना कळलं असतं की मला सगळं कळलंय. म्हणून मी फक्त त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

बाबी कुलूप हातात घेऊन उभा होता. बाबा त्याच्याशी आंब्याच्या मोहोरावर बोलत राहिले आणि मी फोन लावला.

“औली,” मी म्हणाले.

“छान निवडलंस,” निंबाळकर मॅडम म्हणाल्या. “मला वाटलं होतं तू गुलमर्गसाठी हट्ट धरशील. पहिल्यांदा शिकायला औलीच बरी. कशावरून ठरवलंस?”

काचेपलीकडे बाबा अजून मोहोराबद्दलच बोलत होते.

“बाबांनी ठरवलं,” मी म्हणाले.

जानेवारीत मी औलीला गेले. पहिल्या दिवशी स्की पायात अडकवल्याच नाहीत. लॉजच्या मागे, जिथे कुणी चाललेलं नव्हतं तिथे गेले आणि एक पाऊल टाकलं. मग जोशीमठला निघालेल्या पहिल्या पाळण्यात बसून खाली उतरले आणि बाजारातून नाक्यावरच्या दुकानात फोन लावला. दुकानदार बाबांना बोलवायला गेला. मी रिसीव्हर कानाला लावून थांबले. पलीकडे दुकानातला रेडिओ ऐकू येत होता. मग धापा टाकत बाबा आले.

“काय झाला? पडलंस? हात मोडलो?”

“बाबा, बुडता.”

“काय?”

“पाय. गुडघ्यापर्यंत बुडता. बूट भायर काढूक दोनी हात लावचे लागले.”

रेडिओ चालूच होता. मला वाटलं, ते रिसीव्हर ठेवून गेले.

“बाबा?”

“आणि एकदा बुडव,” बाबा म्हणाले. “माझ्या नावान.”

मी फोन ठेवला आणि वर जाणारा पाळणा पकडायला धावले.